कडुलिंबाखालच्या जागेचं भाडं

कापणीच्या सणानंतरचा पहिला सोमवार. रक्कम, महिना तीनशे रुपये. हजर: शहरातून आलेले आमच्या ख्रिस्ती सभेचे सचिव, मंडळीचे दोन वडील म्हणजे दानियल मास्तर आणि शांतवन, आणि मी, पाळक. आमच्यात मंडळीच्या कारभाऱ्यांना 'वडील' म्हणतात, वय काहीही असो. शांतवन चाळिशीचा आहे. दाराआड माझी बायको सुमन चहा करत होती. बाहेर कडुलिंबाखाली चार शेळ्या बांधलेल्या होत्या. बैठक त्यांच्यामुळेच भरली होती. शेळ्यांजवळ पोत्यावर शांतवनची आई तान्हाबाई बसली होती. तिला बैठकीचं बोलावणं नव्हतं, पण ऐकू सगळं जात होतं.

ठराव असा झाला की, पाळकांनी देवळाच्या आवारातली जनावरं नाताळापर्यंत हलवावीत. न हलवल्यास जागेचं भाडं म्हणून महिना तीनशे रुपये त्यांच्या मानधनातून कापावेत.

या नाताळ अंकाच्या संपादकांनी मला 'पाळक' या शब्दाचा अर्थ आणि वापर यावर लिहायला सांगितलं आहे. त्यांना अभ्यासाचा लेख हवा असावा. माझा अभ्यास तेवढा नाही. पण या शब्दाचा वापर मी बावीस वर्षं रोज करतो आहे, म्हणजे तो माझा वापर करतो आहे, म्हणून जे घडलं तेवढं लिहितो.

बाहेरच्या वाचकासाठी आधी काम सांगतो. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा सांभाळ करणारा. रविवारची उपासना, बाप्तिस्मे, लग्नं, मर्तिकं, आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना, हे त्याचं काम. आमच्या शास्त्रात मेंढपाळाचे दाखले जागोजागी आहेत, त्यावरून हे नाव पडलं. यापूर्वी मी परळीला होतो. तिथं प्रभुभोजनाचं पांढरं कापड अंथरायच्या आधी वीजकेंद्राची राख झटकावी लागायची, बाकी काम पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चालायचं. कडा या बाजारगावाजवळच्या या खेड्यात आलो आणि पुस्तक बाजूला राहिलं.

इथं माझ्या मंडळीची बेचाळीस घरं. दिवाळी झाली की त्यातली तेहतीस ऊसतोडीला जातात. नवरा-बायको, पोरं, भांडी, कोंबड्या, सगळं ट्रकवर चढतं आणि थेट उन्हाळ्यात परत येतं. त्यामुळे आमच्या मंडळीचं वर्ष वेगळं आहे. लग्नं वैशाखात, बाप्तिस्मे दसऱ्याच्या आत. नाताळ आम्ही दोनदा करतो. एक दिवाळीच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी. तेव्हा गावातले लोक हसतात. म्हणतात, तुमच्या देवाला सातव्या महिन्यातच जन्माला घालता. दुसरा खऱ्या तारखेला, कारखान्याच्या थळावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या तळावर, पाचटाच्या कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. तिथं मी एस.टी. बदलत बदलत जातो. अर्ध्या उपासनेत ट्रक भरायला आला की अर्धी मंडळी उठून जाते. मी थांबतो. भरणी झाली की पुढचं गीत घेतो.

आणि गावात मागे जे राहतं, ते पाळकाकडे राहतं. घरांच्या किल्ल्या माझ्या भिंतीवर खिळ्यांना. शाळेत पोरांच्या प्रगतिपुस्तकावर 'पालकाची सही' अशी रेघ असते. एका हंगामात मी तिथं अकरा पोरांच्या सह्या केल्या. नव्या गुरुजींनी विचारलं, "एवढी मुलं तुमची?" दानियल मास्तर त्याच शाळेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "सगळी त्यांचीच. सरकारदरबारी धरायची नाहीत एवढंच." गुरांच्या दवाखान्यात शेळीच्या कानात पिवळा बिल्ला मारतात, तेव्हा 'पशुपालकाचं नाव' विचारतात. मालक ऊसतोडीला, म्हणून तिथंही माझं नाव. मास्तरांना असल्या गोष्टींत गोडी. ते म्हणायचे, "जिल्ह्याला पालकमंत्री, जनावराला पशुपालक, पोराला पालक आणि आम्हाला पाळक. मंत्री तेवढे झेंडावंदनाला येतात. बाकीची तिन्ही कामं तुम्हीच उरकता."

शेळ्यांचा प्रकार असा. आमच्याकडे जनावर अर्धलीने सांभाळायला देतात. शेळी ज्याची त्याचीच राहते. दूध सांभाळणाऱ्याचं. करडं झाली की निम्मी मालकाची, निम्मी सांभाळणाऱ्याची. शेळी मेली तर कातडं दाखवायचं. वाटणीचा दस्तूर पक्का आहे: वाटे सांभाळणाऱ्याने घालायचे, आणि आधी उचलायचा मालकाने. म्हणजे वाटे घालताना कुणी लबाडी करत नाही. केली तर ती त्याच्याच गळ्यात पडते.

तान्हाबाईच्या चार शेळ्या माझ्याकडे याच बोलीवर होत्या. पण त्यात एक पोटबोली होती, आणि बैठकीत मला ती नीट सांगता आली नाही. तान्हाबाई सत्तरीच्या पुढची. एका डोळ्याने दिसायचं बंद झालेलं. दोन हंगामांपूर्वी शांतवन तिला थळावर घेऊन गेला होता. तिथं कोपीतल्या ओलीने तिला असा खोकला धरला की परतताना ट्रकमधून उचलून उतरवावी लागली. तिला गावात ठेवायला तयार घरं होती. ती तयार नव्हती. म्हणायची, "फुकट खानार न्हाई." नात्यातल्या एका घरी ठेवली, तर चौथ्या दिवशी भाकरी परत केली. मग सुमनने शेळ्यांचा मार्ग काढला. शेळ्या आमच्या आवारात, दूध तान्हाबाईने काढायचं, आमच्या घरात द्यायचं, आणि त्या दुधावर तिची भाकरी. हिशेब बरोबर बसला, आणि म्हातारी राहिली.

म्हणजे शेळ्या गेल्या की तान्हाबाई थळावर जाणार. आणि थळावर गेली तर परत येणार नाही, हे आम्ही सगळे जाणत होतो, तीही.

सचिव वाईट गृहस्थ नव्हेत. त्यांच्याकडे तक्रार आली होती, की पाळक देवाच्या जागेवर शेळ्यांचा धंदा करतो. ते म्हणाले, "पाळक म्हणजे माणसांचा पाळक. हे तुम्हाला मी सांगावं का?"

मी म्हणालो, "धंदा नाही, अर्धल आहे."

"उत्पन्न आहे की नाही?"

"आहे. गेल्या साली दोन करडं आली माझ्या वाट्याला."

दानियल मास्तरांनी कपाळावर हात मारला. सुमन नंतर मला म्हणाली, एवढा हिशेब कुणी मागितला होता?

तेवढ्यात बाहेरून तान्हाबाईचा आवाज आला. "सायेब, मी बी मानूसच हाय की. माज्या शेळ्याबिगर मला कोन ठिवून घेनार?"

सचिवांनी दाराकडे पाहिलं. "आजी, तुम्हाला कुणी काढत नाही. जनावरांचं बोलतोय आपण."

"तेच म्हनते मी," तान्हाबाई म्हणाली. "येकाच दाव्याला हाओत."

सचिवांनी वही पुढे ओढली. मग म्हणाले की, नियम सगळ्यांना सारखा, आणि ठराव लिहून घेतला. जाताना त्यांनी सुमनने दिलेल्या चहाचं कौतुक केलं. चहा शेळीच्या दुधाचा होता. आम्ही ते सांगितलं नाही.

दिवाळीनंतर टोळी निघायच्या आदल्या दिवशी शांतवन आला. उंबऱ्यावरच बसला.

"पाळकसाहेब, आईला घिऊनच जातो. तुमाला कावून तरास? उद्या बदली केली तर?"

शांतवनची बायको सोना मागे उभी होती. ती म्हणाली, "बदली व्हईल तवा व्हईल. म्हातारी तितं आठ दिस काढायची न्हाई. मी कोयता धरू का तिला धरू?"

मी सुमनकडे पाहिलं. तीनशे म्हणजे आमच्या मुलाच्या खोलीभाड्याचा पाचवा हिस्सा. तो शहरात शिकतो, आणि मानधनातलं किती त्याच्याकडे जातं ते सुमनला माझ्यापेक्षा पक्कं पाठ. ती मला म्हणाली, "बदली झाली तर बिऱ्हाड मी बांधते. शेळ्या तुम्ही न्या."

तान्हाबाई राहिली. शेळ्या राहिल्या. डिसेंबरच्या मानधनातून तीनशे कापून आले.

त्या हंगामात पाच करडं झाली. तान्हाबाई सकाळी शेळ्यांना शिव्या देत उठायची आणि संध्याकाळी शिव्या देत निजायची. देवळाच्या घंटेचा दोर तिच्या खाटेजवळून जायचा. रविवारी मी घंटा द्यायला जायच्या आत ती ओढून मोकळी. उपासनेला आम्ही नऊ घरांतली माणसं. ती पहिल्या बाकावर बसायची आणि माझा उपदेश लांबला तर मोठ्याने म्हणायची, "दुदाची येळ झाली."

पौषात धुळाजी आला. धुळाजी धनगर, दरसाल या वाटेने मेंढरं घेऊन जातो. कापणी झालेल्या रानात मेंढरं बसवायची, म्हणजे लेंडीचं खत मिळतं. त्याबद्दल रानवाला त्याला ज्वारी देतो. त्या वर्षी त्याची मेंढरं दानियल मास्तरांच्या रानात, देवळाच्या मागेच बसली होती. तो पाण्याला आमच्याकडे यायचा. तान्हाबाईची आणि त्याची पहिल्याच दिवशी जुंपली.

"किती मेंढरं हायत रं तुजी?"

"मोजत न्हाई, आजी. मोजली की कमी व्हत्यात."

"मंग आमच्या पाळकाला सांग. ह्यो रोज मोजतोय."

धुळाजी माझ्याकडे वळला. "तुमची किती?"

मी म्हणालो, "बेचाळीस घरं."

"आन वाड्यात आज किती?"

"नऊ."

"मंग बाकीची कुटं चारायला सोडली?"

"कारखान्याला."

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "आन तुमी हितंच? आमी मेंढराच्या मागं जातो. तुमची पुढं गेली आन तुमी वाडा राखत बसला." हसण्यावारी बोलला, पण मला लागलं. खोटं नव्हतं म्हणून. पंचवीस डिसेंबरला मी एक दिवस थळावर गेलो होतो आणि दुसऱ्या दिवशी परत. पाळकाला पगार मंडळीच्या जागेचा मिळतो, मंडळी जिथं असेल तिथला नाही.

जानेवारीच्या अखेरीस एका दुपारी तान्हाबाई गेली. आजार म्हणावा असा नव्हता. दूध काढून भांडं बाजूला ठेवलं होतं, झाकण घातलं होतं, आणि ती कडुलिंबाला टेकून बसली होती. सुमन भांडं उचलायला गेली तेव्हा कळलं.

मी शांतवनला फोन लावला. तो उसाच्या फडात होता. कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सकाळपातूर येतो. तवर माती दिऊ नका."

आता कबर. मर्तिकात पाळकाचं काम प्रार्थनेचं, खणायचं काम मंडळीतल्या पुरुषांचं. पण हंगामात पुरुष असतात कुठे? होते ते दानियल मास्तर, त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, दोन म्हातारे, आणि मी. आमच्या कबरस्तानात वीतभर माती आणि खाली मुरूम. मी आणि एका म्हाताऱ्याने तासभर कुदळ चालवली. गुडघाभरसुद्धा झालं नाही. दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. तेव्हा खोदाईचं यंत्र बोलवावं लागलं, आणि त्या घरच्या बाईने यंत्राचा आवाज ऐकून जो आकांत केला, तो मला पुन्हा ऐकायचा नव्हता.

धुळाजी पाण्याला आला होता. कुंपणापाशी उभा राहून बघत होता.

"आजी का?"

"हो."

"सरका," तो म्हणाला. त्याने भावांना हाक मारली. तिघं भाऊ पहार घेऊन आले. मी म्हणालो, "तुमच्यात चालतं का?" तो म्हणाला, "मुरूम हाय, पाळक. मुरमाला कुटली जात आसती." आणि मग ते दिवस मावळेपर्यंत खणत राहिले. मी माती ओढत होतो. मधे एकदा त्याने मापासाठी मला आत उभं केलं आणि म्हणाला, "आजी तुमच्यापरीस बुटकी व्हती. बास झालं."

सकाळी शांतवन आणि सोना जीपने आले. टोळीच्या मुकादमाने जीप दिली होती, पण भाडं सात हजार शांतवनच्या नावावर मांडून. उपासना झाली. माती दिली. शांतवन रडला नाही. शेळ्यांकडे बघत म्हणाला, "वाटे घाला, साहेब. मला चार वाजता निघायचं हाय."

दुःखाच्या घरी वाटणी करणं मला बरं वाटेना. पण तो हट्टाला पेटला. म्हणाला, "तिनं फुकट खाल्लं आसं नगं."

करडं पाच. मी वाटे घातले: एकीकडे तीन, दुसरीकडे दोन. दोन मोठी होती, तीन जरा लहान. पण तिन्हींची किंमत दोहोंपेक्षा हजारभर तरी जास्त. मालकाच्या घरी मर्तिक झालेलं, वरचं करडू त्यालाच जावं, असा माझा हिशेब. शांतवनला बाजार कळतो. त्याने उभ्याउभ्या पाहिलं आणि दोनांचा वाटा उचलला.

मी म्हणालो, "चुकलास. तिकडं जास्त आहे."

"म्हाईत हाय."

"मग?"

"आईनं फोनवर सांगितलं व्हतं. म्हनली, पाळक वाटं घालताना आपल्याकडं झुकतं घालील. तू ध्यान ठिव."

दानियल मास्तर तोंड फिरवून उभे राहिले. माझ्या बावीस वर्षांत माझा हिशेब कुणी इतका आधी ओळखला नव्हता.

चार शेळ्या आणि दोन करडं त्याच आठवड्यात विकून टाकायची, असं शांतवनने सांगितलं. "आता कुनासाठी ठिवायच्या? तुमचा बी जाच संपला. सायबाला कळवा, जागा मोकळी झाली." मलाही एक क्षण तसंच वाटलं. खरं सांगायचं तर हलकं वाटलं. रोजची लेंडी, तक्रार, कापलेलं मानधन, सगळं एकदम मिटत होतं.

जीपमध्ये बसताना सोना थांबली. "साहेब, पुढल्या साली माजा बाप हाय. गुडघं गेल्यात त्याचं. त्यो बी फुकट खात न्हाई." एवढंच म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

शेळ्या बाजारात गेल्या त्या संध्याकाळी मी धुळाजीकडे गेलो. खणणाऱ्याला काही द्यायची रीत आहे. मी म्हणालो, "तीन करडांतलं एक ने." त्याने दोन्ही कान धरले. "मयताच्या मातीचं घेतलं तर मेंढरू टिकत न्हाई." मग थोड्या वेळाने म्हणाला, "द्यायचंच आसंल तर जागा द्या." त्याच्याकडे एक मेंढी होती, मागचा पाय अधू, कळपाच्या चालीला येत नव्हती. पुढच्या मजलीला ती वाटेतच बसणार होती. "हिला अर्धलीनं ठिवा. परतीच्या टायमाला बगू."

तो तिला आवारात घेऊनच आला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मेंढी लंगडत कडुलिंबाकडे गेली आणि शेळ्यांच्या सोडलेल्या दाव्यापाशी उभी राहिली. सुमन दारातून म्हणाली, "बांधा. बघताय काय?"

संपादकांना हवा असलेला अर्थ यात कुठे बसतो ते मला सांगता येत नाही. सचिवांचं म्हणणं, पाळक माणसांचा. धुळाजीचं म्हणणं, जनावराच्या मागे जातो तो. माझा अनुभव असा की, आमच्याकडे माणूस आणि जनावर वेगळं करून सांभाळता येत नाही. दावं एकच असतं. म्हातारी म्हणाली होती ते बरोबर होतं. मी हे सचिवांना पत्राने कळवलं. उत्तर आलं नाही. बदलीही आली नाही. कापणं मात्र चालू राहिलं.

शेवटी काय दिलं आणि कुणाला, ते लिहून थांबतो. माझ्या वाट्याची तीन करडं कड्याच्या बाजारात साडेसहा हजारांना गेली. त्यात पाचशे घालून सात हजार मी मुकादमाला पाठवले आणि शांतवनच्या नावावरचं जीपचं भाडं काढायला लावलं. शांतवन त्यावरून महिनाभर माझ्याशी बोलला नाही. धुळाजीला काही नाही. मेंढीला एक कोकरू झालं आहे. एकाचे वाटे पडत नाहीत, म्हणून ते दोघांचं आहे.

आणि या दसऱ्याला मी शहरात कार्यालयात गेलो. येणाऱ्या हंगामाचे सहा महिन्यांचे अठराशे रुपये रोख भरले. दर महिन्याला कापलेले पाहण्यापेक्षा एकदाच भरलेले बरे.

कारकुनाने पावती फाडताना विचारलं, "जनावरं किती?"

मी म्हणालो, "एक मेंढी, एक कोकरू."

"एवढ्यासाठी अठराशे?"

सोनाचा बाप तेव्हा आमच्या ओसरीवर येऊन तीन दिवस झाले होते. त्याला मी मोजला नाही.